मलावीचा जमाखर्च कसा वाचायचा: आधी डॉलर, मग क्वाचा

नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या रिझर्व्ह बँकेने डॉलरचा सरकारी भाव १,१८० क्वाचावरून (क्वाचा हे तिथलं चलन) एकदम १,७०० क्वाचावर नेला. बातम्यांत आलं, 'क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन'. मी तेव्हा तूर आयात करणाऱ्या एका पेढीसाठी आफ्रिकेकडचे भाव बघायचो. शेठना छातीठोकपणे सांगून बसलो की मलावीची तूर आता ४४ टक्क्यांनी स्वस्त पडणार. शेठ काही बोलले नाहीत, कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. किलोला १,१८० क्वाचा भाव धरला तर आधी एक डॉलर पडायचा. तेवढ्याच क्वाचाला आता ६९ सेंट. म्हणजे ३१ टक्के स्वस्त, ४४ नाही. आणि तिथल्या शेतकऱ्याने क्वाचातला भाव वाढवला, जो तो दोन आठवड्यांत वाढवतोच, तर तेही नाही.

तेव्हापासून मलावीचे कागद वाचायची एक पद्धत बसवली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना, कडधान्याच्या व्यापारातल्यांना ती उपयोगी पडेल. गरीब देशाची अर्थव्यवस्था शिकायला मलावी चांगला. देश लहान आहे, लोकसंख्या २ कोटींच्या थोडी वर. सरकारी कागद इंग्रजीत असतात आणि जालावर मिळतात. आर्थिक वर्षही आपल्यासारखंच, १ एप्रिल ते ३१ मार्च.

पायरी १: टक्का कशाचा, ते विचारा

अवमूल्यनाचा आकडा दोन तऱ्हांनी सांगता येतो. डॉलर किती महागला, हा एक आकडा. क्वाचा किती घसरला, हा दुसरा. पहिला नेहमी मोठा दिसतो आणि मलावीत बहुधा तोच छापला जातो. मे २०१२ मध्ये जॉईस बांडा यांचं सरकार आल्यावर डॉलर १६७ वरून २५० क्वाचावर गेला. तेव्हा '४९ टक्के' लिहिलं गेलं, क्वाचाची घसरण होती ३३ टक्के. मे २०२२ च्या '२५ टक्क्यां'चंही तेच, खरी घसरण २० टक्के.

म्हणून वहीत पहिल्या रकान्यात टक्के लिहूच नका. जुना भाव आणि नवा भाव लिहा, भागाकार स्वतः करा.

पायरी २: दोन भाव मांडा

२०२३ च्या त्या उडीनंतर सरकारी भाव १,७५० च्या अलीकडेच जवळपास खिळून राहिला. बाजारातला भाव मात्र चढत गेला आणि २०२५ मध्ये सरकारी भावाच्या दुपटीच्याही पुढे होता. बँकेत डॉलर मागायला गेलात तर रांग. ब्लँटायर या मलावीतल्या शहरातल्या दुकानदाराला माल आणायचा तर बाहेरून डॉलर घ्यावा लागतो, आणि विकताना तो त्याच भावाने किंमत लावतो. सरकारी भाव असतो, डॉलर नसतो.

याने आकड्यांचं काय होतं ते एका उदाहरणात बघा. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात मलावी सरकारचा एकूण खर्च सुमारे ८ लाख कोटी क्वाचा होता. (त्यांच्या कागदात 'ट्रिलियन' असतं. एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी, एवढं लक्षात ठेवलं की अर्धी भीती जाते.) सरकारी भावाने हे साधारण ४६० कोटी डॉलर होतात, रुपयांत ४०,००० कोटींच्या आसपास. त्याच वर्षीचं मुंबई महापालिकेचं अंदाजपत्रक होतं ७४,४२७ कोटी रुपयांचं. एक देश, त्याची फौज, शाळा, इस्पितळं, कर्ज, सगळं मिळून आपल्या एका महापालिकेच्या निम्म्याच्या जरासं वर. आता तेच बाजारातल्या भावाने, समजा ४,००० क्वाचाने, मोजा. १७,००० कोटी रुपये उरतात.

यातला खरा आकडा कुठला? पगार आणि मका यांसाठी पहिला फारसा चुकीचा नाही. औषधं, डिझेल, खत यांसाठी दुसरा जास्त जवळचा. ज्या लेखात 'मलावीचं अंदाजपत्रक इतके डॉलर' असं असेल आणि भाव सांगितलेला नसेल, तो लेख मी पुढे वाचत नाही.

दरडोई उत्पन्नाचंही हेच. वर्षाला ५०० ते ६०० डॉलर हा आकडा सरकारी भावावर उभा आहे.

पायरी ३: डॉलरचं पंचांग लिहून काढा

हा सगळ्यात कामाचा भाग आहे. मलावीची निर्यात वर्षाला साधारण १०० कोटी डॉलरची, आयात त्याच्या तिप्पट. मधली खिंड देणग्या, कर्ज आणि परदेशातल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशाने भरते, नाहीतर भरतच नाही. पण वर्षाची बेरीज बघून भागत नाही, महिना बघावा लागतो.

मार्च-एप्रिलच्या सुमाराला लिलोंग्वे, लिंबे, चिंकोमा आणि म्झूझू इथले तंबाखूच्या लिलावाचे फ्लोअर उघडतात. मोठमोठ्या गोदामांत बर्ली तंबाखूच्या गाठी ओळीने मांडलेल्या असतात, खरेदीदार रांगेतून चालत भाव लावत जातो. देशाच्या निर्यातीचा निम्मा हिस्सा या ओळींतून बाहेर पडतो. २०२२ मध्ये इथे १८ कोटी डॉलरची विक्री झाली, २०२४ मध्ये ४० कोटींच्या जवळ. एका पिकाचा असा झोका असेल तर देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. त्यात २०१९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने बालमजुरीच्या कारणावरून मलावीचा तंबाखू सीमेवर अडवला, हाही झटका सोसून झाला.

एप्रिल ते ऑगस्ट डॉलर येतो. थ्योलो आणि मुलांजेचा चहा, ड्वांग्वा आणि न्चालोची साखर, शेंगदाणे, सोयाबीन यांचाही थोडा हातभार असतो. ऑगस्टपासून उलटा प्रवाह सुरू. पाऊस नोव्हेंबरात, म्हणजे खत त्याआधी देशात हवं. समुद्र नाही, त्यामुळे ते मोझांबिकच्या बेइरा किंवा नकाला बंदरातून, नाहीतर टांझानियाच्या दार-एस-सलामहून ट्रकने यायचं, आणि त्या ट्रकचं भाडंही डॉलरमध्येच. खत आणि डिझेल दोघांनी एकाच महिन्यात हात पसरला की पेट्रोल पंपावर कॅनच्या रांगा लागतात. डिसेंबर ते मार्च तर पाहायलाच नको, जुना मका संपलेला आणि नवा शेतात उभा.

पंचांगाच्या या पानावर आपलंही नाव आहे. मलावीत तुरीला 'नांडोलो' म्हणतात. तिचा बराच भाग भारतात येतो. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात तुरीचं उदंड पीक आलं आणि सरकारी खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टर तिष्ठत राहिले, ते आठवत असेल. त्यावर दिल्लीने ऑगस्ट २०१७ मध्ये तूर आयातीला वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. लातूरच्या शेतकऱ्यासाठी तो निर्णय समजण्यासारखा होता. दक्षिण मलावीत त्याच महिन्यांत पीक निघत होतं, भाव कोसळला आणि पोती घरात पडून राहिली. पुढे २०२१ मध्ये भारताने मलावीशी पाच वर्षांचा करार केला, दर वर्षी ५०,००० टन तूर खासगी व्यापाऱ्यांमार्फत घेण्याचा. तेव्हा मलावीचा निर्यातीचा अंदाज बांधताना भारताची आयात-अधिसूचना वाचणं ही चैन नाही, कामाचाच भाग आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या फळबाजारात 'मलावी हापूस' येतो, तोही याच खात्यातला. रत्नागिरीहून नेलेल्या हापूसपासून तिथे बागा उभ्या राहिल्या. रकमेने तो फार छोटा आहे. पण डॉलरच्या दुष्काळाच्या महिन्यात येतो, म्हणून मी त्याची नोंद ठेवतो.

पायरी ४: वाढीच्या दरातून माणसं वजा करा

पटकन उरकण्यासारखी पायरी. २०२२ पासून तीन वर्षं मलावीची वाढ १ ते २ टक्क्यांच्या आतबाहेर राहिली. लोकसंख्या वर्षाला २.६ टक्क्यांनी वाढते. वजाबाकी उणे येते, म्हणजे सरासरी माणूस दर वर्षी थोडा गरीब होत गेला. 'वाढ सकारात्मक राहिली' असं कुठलाही मंत्री म्हणू शकतो, आणि ते खोटंही नसतं.

कारणं बहुतेक वेळा आभाळातली असतात. जानेवारी २०२२ च्या आना वादळाने शिरे नदीवरचं कापिचिरा वीजकेंद्र बंद पाडलं, देशाची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज गेली. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं. मृत आणि बेपत्ता मिळून हजारांवर माणसं गेली, नुकसान ५० कोटी डॉलरच्या पुढे. वर्षभरात एल निनोचा दुष्काळ पडला आणि २८ पैकी २३ जिल्हे आपत्तिग्रस्त जाहीर झाले.

एक खाचखळगा मात्र सांभाळा. २०२० मध्ये झोंबा इथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने स्थूल देशांतर्गत उत्पन्नाचं (जीडीपीचं) आधारवर्ष २०१७ केलं आणि अर्थव्यवस्था कागदावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मोठी झाली. कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण त्या दिवशी आपोआप सुधारलं. जुन्या आणि नव्या मालिका एका आलेखात जोडलेल्या दिसल्या तर आलेख करणाऱ्याला दोष द्या, मलावीला नको.

पायरी ५: महागाईत मका वेगळा काढा

ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्याचं वजन निम्म्याहून जास्त, आणि खाण्यात मका. न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, दोन्ही वेळेला लागतो. २०२३ आणि २०२४ मध्ये सरासरी महागाई ३० टक्क्यांच्या आगेमागे होती. मासिक पत्रकात खाण्याची आणि इतर, अशी दोन विभागणी असते. एप्रिल-मेमध्ये नवा मका आला की पहिली उतरते आणि 'महागाई आटोक्यात' असे मथळे येतात. दुसरी उतरली का, ते बघा. तिच्यात डॉलर दडलेला असतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये व्याजदर २६ टक्क्यांवर नेला, त्याचा मक्याच्या भावावर काय परिणाम होणार होता हे मला आजवर कळलेलं नाही.

पायरी ६: अंदाजपत्रकात व्याजापासून सुरुवात करा

अर्थमंत्र्यांचं भाषण शेवटी वाचा. आधी आर्थिक विवरणपत्र उघडा आणि चार ओळी शोधा: देशांतर्गत महसूल, अनुदानं (म्हणजे परदेशी देणग्या), व्याज, तूट.

२०२५-२६ चे मूळ आकडे घेऊ. जमा, अनुदानं धरून, ५.५८ लाख कोटी क्वाचा. खर्च ८.०५ लाख कोटी. तूट २.४७ लाख कोटी, स्थूल उत्पन्नाच्या साडेनऊ टक्के. आता व्याजाची ओळ: २ लाख कोटींच्या पुढे. तुटीतून व्याज वजा केलं तर अर्धा लाख कोटीही उरत नाही. याचा अर्थ नवं कर्ज जवळजवळ सगळं जुन्या कर्जाच्या व्याजात जातं. रस्ते किती, शाळा किती यावर भाषणात पानं भरतात. पण सरकार हात राखून खर्च करत नाही हा आरोप अर्धाच खरा. हात आधीच बांधलेले आहेत.

व्याज इतकं का? कर्जाचा निम्म्याहून मोठा भाग देशातला आहे आणि ३६४ दिवसांच्या सरकारी हुंड्यांवर (ट्रेझरी बिलांवर) २०२५ मध्ये २६ टक्के मिळत होते. लांब मुदतीच्या रोख्यांना त्याहून जास्त. लिलोंग्वेतल्या बँकेने गोदाम बांधणाऱ्या व्यापाऱ्याला कर्ज द्यायची कटकट कशाला घ्यावी?

दुसरं काम: एखादी ओळ पाच वर्षं धरून ठेवा. मी खताच्या अनुदानाची धरतो. २००५ मध्ये बिंगू वा मुथारिका यांनी स्वस्त खताची योजना आणली, मका भरपूर पिकला, जगभर कौतुक झालं. २०२० मध्ये लाझारस चकवेरा यांच्या सरकारने ती फुगवून जवळजवळ सगळ्या छोट्या शेतकऱ्यांपर्यंत नेली. मग रशिया-युक्रेन युद्धात खत भडकलं, क्वाचा पडला, आणि लाभार्थी ३५ लाखांच्या वरून दर वर्षी कापत कापत २०२३-२४ मध्ये १५ लाखांवर आले. क्वाचातली तरतूद कागदावर भरघोस दिसायची. पोती कमी होत होती. २०२२ मध्ये तर घाईत ब्रिटनमधल्या एका मांस विकणाऱ्या कंपनीला खताची आगाऊ रक्कम देऊन झाली, खत आलं नाही, शेतीमंत्री गेले. या एका ओळीत चलन, हवामान, मतं आणि गैरव्यवहार सगळे भेटतात.

तिसरं, तीन रकाने ठेवा: मंजूर, सुधारित, प्रत्यक्ष. तीन आकड्यांतलं अंतर निवडणुकीच्या वर्षी, जसं २०२५, विशेष बघावं. आणि २०२१-२२ चं अंदाजपत्रक नऊच महिन्यांचं आहे हे विसरू नका. त्याआधी त्यांचं वर्ष जुलैत सुरू व्हायचं. त्या वर्षीचा खर्च 'घटला' असं लिहिलेले प्रबंध मी पाहिले आहेत.

पायरी ७: कर्ज कोणाचं, ते नावानिशी लिहा

२००६ मध्ये अतिऋणग्रस्त गरीब देशांच्या योजनेतून मलावीचं बहुतांश विदेशी कर्ज माफ झालं. पाटी कोरी म्हणावी इतकी. वीस वर्षांच्या आत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या कर्जविश्लेषणात तो 'कर्जसंकटात' या शेवटच्या रकान्यात जाऊन बसला. सार्वजनिक कर्ज स्थूल उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या वर.

फक्त टक्का बघून काही उमजत नाही. जागतिक बँकेचं सवलतीचं कर्ज नाममात्र व्याजाचं आणि लांब मुदतीचं असतं. भारताच्या एक्झिम बँकेचंही आहे, सलिमाचा साखर कारखाना त्यातूनच उभा राहिला. खरी कळ आफ्रेक्झिमबँक आणि ट्रेड अँड डेव्हलपमेंट बँक या आफ्रिकेतल्याच दोन बँकांच्या महागड्या, कमी मुदतीच्या डॉलर कर्जांत आहे. कर्जाच्या पुनर्रचनेची बोलणी याच दोघींपाशी अडत राहिली.

नाणेनिधीने नोव्हेंबर २०२३ मध्ये १७.५ कोटी डॉलरचा कर्ज-कार्यक्रम मंजूर केला. त्या मंजुरीसाठीच ते १,७०० चं अवमूल्यन होतं. पहिला हप्ता ३.५ कोटींचा मिळाला आणि मग दीड वर्षात एकही आढावा पूर्ण झाला नाही, म्हणून मे २०२५ मध्ये कार्यक्रम नियमानुसार आपोआप संपला. माझ्या मते त्या दीड वर्षातली ही सगळ्यात मोठी बातमी होती. आपल्याकडे ती कुठे छापून आल्याचं आठवत नाही.

पायरी ८: कागदात नसलेलं शोधा

सप्टेंबर २०१३ मध्ये 'कॅशगेट' उघडकीला आलं. सरकारी हिशेबाच्या संगणकप्रणालीत न झालेल्या कामाचं देयक चढवायचं, धनादेश काढायचा, वटला की प्रणालीतली नोंद पुसून टाकायची. सहा महिन्यांत सुमारे ३.२ कोटी डॉलर गेले. नोटा कारकुनांच्या गाड्यांत आणि घरांत सापडल्या. देणगीदार देशांनी थेट तिजोरीत पैसे देणं थांबवलं आणि मदत स्वयंसेवी संस्था, प्रकल्प, औषधांच्या खरेदीतून बाहेरच्या बाहेर वळवली.

ती अजून बरीचशी तशीच बाहेरून फिरते. म्हणून आरोग्याची तरतूद अंदाजपत्रकात पाहून इस्पितळ कसं चालतं ते कळणार नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत आवरली तेव्हा एचआयव्हीच्या दवाखान्यांत नोकऱ्या गेल्या, तरी अंदाजपत्रकातल्या बेरजा जशाच्या तशा होत्या. देणगीदारांचे तक्ते शेजारी मांडले तरच ते भोक दिसतं.

गंगाजळीच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. २०१८ च्या कार्यक्रमात नाणेनिधीला कळवलेले आकडे चुकीचे निघाले होते. एकूण गंगाजळी किती ते न बघता तीतून देणी वजा करून किती महिन्यांची आयात भागते ते बघा. अलीकडे उत्तर बहुतेक वेळा एका महिन्याच्या आत येतं.

कागद कुठले आणि कधी

रिझर्व्ह बँकेचा मासिक आर्थिक आढावा दर महिन्याला. अर्थखात्याचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, मधला आढावा नोव्हेंबरच्या आसपास. जागतिक बँकेचा 'मलावी इकॉनॉमिक मॉनिटर' वर्षातून दोनदा निघतो. नवख्याने तिथून सुरुवात करावी, भाषा सोपी असते. नाणेनिधीचा अहवाल आला तर मजकूर सोडून मागचे तक्ते आधी उघडा. तंबाखू मंडळाचे आकडे हंगामात दर आठवड्याला येतात.

हे सगळं एका एक्सेलच्या पानावर मावतं. माझ्या पानावर वरच्या ओळीत फक्त सरकारी भाव, बाजारभाव, तंबाखूची आजवरची विक्री आणि ५० किलो मक्याचा भाव असतो. सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत पीटर मुथारिका परत अध्यक्षपदी निवडून आले तेव्हा युरेनियम, रुटाईल (टायटॅनियमचं खनिज), नव्या खाणी यांवर बरंच लिहून आलं. कायेलेकेराची युरेनियमची खाण खरोखरच सुरू झाली आहे, तिची ओळ मी आता जोडली आहे. ती तंबाखूच्या खाली आहे. वर जायला तिला अजून काही हंगाम लागतील.